गेन्शिन इम्पॅक्ट: कुणी म्हणतं भारी, कुणी म्हणतं लूट. खरं काय?

गेन्शिन इम्पॅक्ट खेळणाऱ्या दोघांना त्याबद्दल विचारून बघा. हे दोघं एकाच गेमबद्दल बोलतायत यावर तुमचा विश्वास बसणार नाही. एक सांगेल की फोनवर इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि तेही फुकट. दुसरा म्हणेल की हा गेम नाही, खिसा कापायचं मशीन आहे, लांब राहा. गंमत म्हणजे दुसरा हे सांगत असतो तेव्हा त्यानं आजचं लॉगिन आधीच केलेलं असतं.

डाउनलोड करायचा की नाही हे ठरवायला अशी मतं वाचत बसलात तर डोकं भंजाळून जाईल. म्हणून आधी एक गोष्ट समजून घेऊ. या एका आयकॉनच्या मागे दोन गेम आहेत. एक हिंडण्याचा आणि दुसरा जमवण्याचा. पहिल्या महिन्यात तुम्ही पहिला खेळता, वर्षभरानंतर बहुतेक वेळ दुसऱ्यात जातो. मत देणारा कोणत्या गेमबद्दल बोलतोय हे कळलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

हिंडण्याचा गेम

शांघायच्या मिहोयो कंपनीनं २८ सप्टेंबर २०२० ला हा गेम अँड्रॉइड, आयफोन, पीसी आणि प्लेस्टेशन ४ वर एकदमच आणला. तेयवात नावाचं जग, हरवलेल्या भावंडाला शोधत फिरणारा प्रवासी, आणि सोबत पायमॉन नावाची उडणारी, सतत बडबडणारी मैत्रीण. ओपन वर्ल्ड म्हणजे रस्ता ठरलेला नाही. समोर डोंगर दिसला की चढायचं, वरून उडी मारून पंखांवर तरंगत खाली यायचं, वाटेत कुठे पेटारा चमकला तर तिकडे वळायचं.

गेम येण्याआधीच त्यावर टीका सुरू झाली होती. निन्टेन्डोच्या २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डशी तो फारच मिळताजुळता दिसत होता. २०१९ मध्ये शांघायच्या चायनाजॉय प्रदर्शनात एका माणसानं निषेध म्हणून आपला प्लेस्टेशन ४ सोनीच्या स्टॉलपाशी आपटून फोडला! पुढे प्रत्यक्ष गेम हातात आल्यावर हा वाद बराचसा थंडावला. कारण लढाईची पद्धत पुष्कळ वेगळी निघाली.

ही लढाई हाच गेमचा खरा जीव आहे असं मला वाटतं. सात तत्त्वं आहेत: आग, पाणी, बर्फ, वीज, वारा, खडक आणि वनस्पती. तुमच्या टीममध्ये चार कॅरॅक्टर असतात आणि लढता लढता त्यांची अदलाबदल करता येते. आधी पाण्यानं शत्रू भिजवला, मग बर्फवाली पुढे आणली, की तो जागच्या जागी गोठतो. वीज आणि आग एकत्र आली की स्फोट होतो. लाकडी ढाल आगीनं जळते. आणि गवतात उभं राहून आग लावलीत तर तुम्हीही भाजता! हे नियम एकदा हातात बसले की साध्या कॅरॅक्टरनेही मोठे शत्रू पाडता येतात.

जगाबद्दल मात्र क्वचितच कुणाचं दुमत असतं. मॉन्डस्टॅट जर्मनीसारखं, लियुए चीनसारखं, इनाझुमा जपानसारखं, फॉन्टेन फ्रान्ससारखं. मॉन्डस्टॅटचं संगीत लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रानं वाजवलंय, लियुएचं शांघाय सिंफनीनं. २०२१ मध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये याला सर्वोत्तम मोबाइल गेमचा मान मिळाला, आणि पुढच्या वर्षी तिथेच खेळाडूंच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कारही.

ऑगस्ट २०२२ मध्ये आलेलं सुमेरू आपल्याला जवळचं वाटेल. नाव तर थेट मेरू पर्वताचं. तिथे बिर्याणी रांधता येते. जंगलात भटकताना भारतीय वाद्यांचे सूर कानावर पडतात. पण नेमक्या याच ठिकाणी खेळाडू चिडलेही. दक्षिण आशिया, इराण, इजिप्त इथून नावं, कपडे, इमारती घेतल्या, आणि माणसं मात्र बहुतेक सगळी गोरीपान. २०२४ मध्ये नाटलान आलं तेव्हा हाच वाद जास्त जोरात पेटला. त्या वेळी गेमला आवाज देणाऱ्या काही कलाकारांनीही उघड नाराजी दाखवली. माझ्या मते ही तक्रार रास्त आहे. संगीतासाठी एवढा अभ्यास करणाऱ्या कंपनीला रंगाचा डबा थोडा मोठा ठेवणं अवघड नव्हतं.

बाकी हिंदी किंवा मराठीची वाट बघू नका. आवाज चारच भाषांत आहेत: चिनी, इंग्रजी, जपानी आणि कोरियन. मजकुराच्या यादीतही भारतीय भाषा नाही. त्यात पायमॉन तीच गोष्ट तीनदा समजावते, आणि कथेतले संवाद एका बटणात ओलांडता येत नाहीत ही ओरड पहिल्या वर्षापासून आहे.

जमवण्याचा गेम

आता लुटीच्या आरोपाकडे येऊ. शाळेबाहेरच्या दुकानात पैसे देऊन चिठ्ठी उघडायचा खेळ आठवतो? बहुतेक वेळा फुगा नाहीतर कंगवा, आणि मोठं बक्षीस पुठ्ठ्यावर टांगलेलंच राहायचं. गाचा म्हणजे तेच. गेन्शिनमधले बहुतेक कॅरॅक्टर सरळ विकत मिळत नाहीत. ‘विश’ करायची आणि काय निघतं ते बघायचं. एका विशला १६० प्रिमोजेम लागतात.

पंचतारांकित कॅरॅक्टर निघण्याची शक्यता एका विशमागे ०.६ टक्के आहे. म्हणजे दहा विश केल्यात तरी साधारण ६ टक्के. मात्र एक संरक्षण आहे, त्याला ‘पिटी’ म्हणतात. नव्वदाव्या विशपर्यंत एक पंचतारांकित मिळतोच. खेळाडूंनी हजारो निकाल जमवून शोधलंय की ७४ व्या विशपासूनच शक्यता झपाट्यानं वाढते. त्याआधीच्या ७३ विशमध्ये तीनपैकी जवळजवळ दोघांच्या हाती काहीच लागलेलं नसतं.

मिळाला तरी तो तुम्हाला हवा असलेलाच असेल असं नाही. पहिल्या खेपेला मामला साधारण नाणेफेकीसारखा असतो. हरलात तर जुन्या ठरलेल्या कॅरॅक्टरपैकी एखादा पदरात पडतो, आणि पुढच्या खेपेला हवा तो नक्की मिळतो. २०२४ मध्ये या नाणेफेकीत खेळाडूंना थोडी सवलत मिळाली, पण सर्वांत वाईट हिशोब तोच राहिला: १८० विश, म्हणजे २८,८०० प्रिमोजेम.

रोजची चार कामं केली की ६० प्रिमोजेम मिळतात. फक्त त्यावर राहिलात तर २८,८०० व्हायला ४८० दिवस लागतील. अर्थात पेटारे, कथा, इव्हेंट यातून बरंच जास्त मिळतं, आणि नव्या खेळाडूकडे तर अख्खं जग उघडायचं बाकी असतं. म्हणूनच नवा खेळाडू गेम किती दिलदार आहे असं म्हणतो. जुन्याचे सगळे पेटारे उघडून झालेले असतात, त्याला गेम कंजूष वाटतो. दोघंही खोटं बोलत नाहीत.

पैसे घातले तर? अमेरिकेत ४.९९ डॉलरला महिन्याचा पास मिळतो. रोज लॉगिन केलंत तर त्यातून एकूण ३,००० प्रिमोजेमइतका माल होतो, म्हणजे १८-१९ विश. ९९.९९ डॉलरचा सर्वांत मोठा पॅक घेतला आणि पहिल्या खरेदीचा दुप्पट बोनस धरला, तरी १२,९६० होतात. म्हणजे ८१ विश. शंभर डॉलर देऊनही एका पंचतारांकिताची पक्की हमी नाही, हव्या त्याची तर नाहीच.

या गणितात खरे पैसे दिसत नाहीत, ते आधी क्रिस्टल होतात, मग प्रिमोजेम, मग विश. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं याच गोष्टीवर बोट ठेवलं. शक्यता आणि खरा खर्च याबाबत मुलांची दिशाभूल होते असा त्यांचा आरोप होता. जानेवारी २०२५ मध्ये होयोव्हर्सची कंपनी कॉग्नोस्फिअरनं २ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. पालकांच्या संमतीशिवाय १६ वर्षांखालच्या मुलांना खरेदी करू द्यायची नाही, अशीही अट त्यात आहे. ही अट तिकडची. इकडे घरच्यांचं कार्ड किंवा यूपीआय प्ले स्टोअरला जोडलेलं असेल, तर खरेदीच्या वेळी पासवर्ड मागण्याची सेटिंग आधी चालू करा, गेम नंतर उघडा.

मग हा गेम ‘पे टू विन’ आहे का? माझं उत्तर नाही असं आहे. इथे खेळाडूंची आपसात लढत नाही, त्यामुळे पैसेवाला तुम्हाला हरवू शकत नाही. शियांगलिंग स्पायरल अ‍ॅबिसचा तिसरा मजला पार केला की फुकट मिळते, आणि बेनेट, शिंगचिऊ यांच्यासारख्या चार ताऱ्यांच्या कॅरॅक्टरसोबत ती वर्षानुवर्षं कठीण मजले काढून देतेय. पैसे लागतात ते आवडीचा चेहरा हवा असेल तेव्हा. जिंकायला लागत नाहीत. पण कंपनी विकते तो चेहराच, हेही विसरू नका.

जुने खेळाडू खरे कशावर वैतागतात?

नव्या माणसाला वाटतं विशवर. खरं दुखणं आर्टिफॅक्ट हे आहे. ही कॅरॅक्टरला घालायची पाच नगांची साधनं, आणि ती मिळवायला रेझिन लागतं. रेझिन दर ८ मिनिटांना एक भरतं, दिवसाला १८०. एका फेरीला २० जातात, म्हणजे दिवसाला नऊ फेऱ्या. आता समजा तुम्हाला ठरावीक सेटमधला आणि ठरावीक तत्त्वाचा चषक हवाय. सेट दोनपैकी एक, नग पाचपैकी एक, आणि त्यावर हवं ते तत्त्व येण्याची शक्यता ५ टक्के. गुणाकार केला तर ०.५ टक्के. पंचतारांकित कॅरॅक्टरपेक्षाही कमी! शिवाय इथे पिटी नाही. सरासरी तीन आठवडे जातात, आणि तो नग मिळाल्यावरही बाकीचे आकडे नशिबावर.

कंपनीनं काहीच केलं नाही असं मात्र नाही. रेझिनची मर्यादा सुरुवातीला १२० होती, मग १६० झाली, २०२४ मध्ये २००. त्याच वर्षी हवा तो आर्टिफॅक्ट थोड्या संख्येनं बनवून घ्यायची सोयही आली. पण खेळाडूंनी आरडाओरडा केल्याशिवाय हात सैल सुटत नाही, असा जुन्यांचा समज आहे. त्याला कारण आहे सप्टेंबर २०२१ चा पहिला वाढदिवस. बक्षिसं इतकी किरकोळ वाटली की चिडलेल्या खेळाडूंनी प्ले स्टोअरवर एका ताऱ्याचे रिव्ह्यू ओतले. रेटिंग धडाधड कोसळलं, आणि काही जणांनी तर ज्यांचा काहीच संबंध नाही अशा अ‍ॅप्सनाही झोडपलं. त्यानंतर कंपनीनं चार दिवस रोज ४०० प्रिमोजेम वाटले. तेव्हापासून तारे बघून या गेमचा अंदाज बांधणं कठीणच झालंय.

खेळायचं ठरलंच असेल तर

फोनमध्ये ३० जीबीहून जास्त जागा मोकळी ठेवा, आणि अपडेटसाठी वायफाय. दीड जीबीच्या रोजच्या डेटावर ते जमणार नाही. फोन तापला की आधी ग्राफिक्स खाली आणा. इंटरनेटशिवाय गेम चालत नाही, त्यामुळे एसटीच्या प्रवासात वेळ घालवायला याचा उपयोग नाही.

सर्व्हर मात्र विचार करून निवडा, कारण एका सर्व्हरवरची प्रगती दुसऱ्यावर नेता येत नाही. भारतासाठी वेगळा सर्व्हर नाही. गेममधला दिवस सर्व्हरच्या पहाटे ४ वाजता बदलतो. एशियावर तो आपल्या मध्यरात्रीनंतर १:३० ला, युरोपवर सकाळी ८:३० ला आणि अमेरिकेवर दुपारी २:३० ला. मित्रांसोबत खेळायचं असेल तर ते ज्या सर्व्हरवर आहेत तोच घ्या. आणि को-ऑप पहिल्या दिवशी शोधत बसू नका, ते अ‍ॅडव्हेंचर रँक १६ ला उघडतं.