परिचित कळ, अपरिचित अर्थ : एका सिम्युलेटरवरून दुसऱ्यावर जाताना घडणारा व्याघात

घरच्या संगणकावर विमान चालविण्याचा छंद भाषाशास्त्राच्या अध्यापकास असावा, हे वाचकांस काहीसे विचित्र वाटेल. प्रस्तुत लेखकास तो आहे; आणि अनेक वर्षांच्या सवयीचा एक सिम्युलेटर सोडून दुसरा जवळ करताना त्यास जो अनुभव आला, तो भाषाशिक्षणातील एका जुन्या प्रश्नाशी इतका निगडित निघाला की त्याची चर्चा या पत्रिकेत अप्रस्तुत ठरू नये. प्रश्न असा : नवी व्यवस्था शिकताना माणूस अडतो तो ती जुनीहून भिन्न असते म्हणून, की ती जुनीसारखी असते म्हणून?

प्रथम साधनांविषयी थोडे. जमिनीवर बसून उड्डाण शिकविणारे यंत्र एडविन लिंक यांनी अमेरिकेत १९२९ साली सिद्ध केले आणि दुसऱ्या महायुद्धात त्यावर हजारो वैमानिक तयार झाले. घरगुती संगणकावर ही सोय आणण्याचे श्रेय मुख्यत्वे ब्रूस आर्टविक यांच्याकडे जाते. त्यांच्याच कार्यक्रमावरून मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली निघाला. ऑस्टिन मेयर यांचा एक्स-प्लेन पुढच्या दशकातला, आणि स्वयंसेवकांनी उभारलेला, कोणासही विनामूल्य घेता येणारा फ्लाइटगिअर त्याच सुमाराचा. तिघांतही सेस्ना १७२ हे चार आसनी, एका इंजिनाचे छोटे विमान आहे. एकच वाक्य तीन बोलींत ऐकावे, तसे हे विमान तीन ठिकाणी चालविता येते, आणि तुलनेस याहून सोयीचे साधन नाही.

लेखक एक्स-प्लेनवरून मायक्रोसॉफ्टच्या नव्या, म्हणजे २०२० च्या आवृत्तीकडे वळला, त्याचे कारण शास्त्रीय नव्हते. आपला जिल्हा वरून पाहावा, एवढीच इच्छा होती. २००६ च्या जुन्या मायक्रोसॉफ्ट आवृत्तीत शिर्डीचा विमानतळ असणे शक्यच नव्हते. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथील हा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. नव्या आवृत्तीत जमीन उपग्रह व विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून उभी केलेली आहे. काकडीच्या २५०० मीटर लांबीच्या, पूर्व-पश्चिम धावपट्टीवरून पश्चिमेस उड्डाण करावे, संगमनेरजवळ प्रवरा गाठावी, तिच्या काठाकाठाने भंडारदऱ्यापर्यंत जावे आणि १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईस वळसा घालून परतावे, हा लेखकाचा ठरलेला मार्ग झाला. (नदी धरून उलट, पूर्वेस गेल्यास प्रवरासंगम व नेवासे लागते, मराठीच्या अभ्यासकाने तिकडेच आधी जावयास हवे होते, हे मान्य.)

अडचण परतताना आली. धावपट्टी समोर होती, फ्लॅप पूर्ण खाली होते, वेग सुमारे ६५ नॉट होता आणि विमान थोडे खाली बसत होते. अशा वेळी इंजिनाची शक्ती किंचित वाढवावयाची असते. लेखकाने वर्षानुवर्षांच्या सवयीने एफ-२ ही कळ दाबली. एक्स-प्लेनच्या मूळ मांडणीत एफ-१ ने शक्ती कमी होते व एफ-२ ने वाढते. मायक्रोसॉफ्टच्या मांडणीत मात्र एफ-२ ने ती कमी होते आणि वाढविण्यासाठी एफ-३ आहे. विमान अधिकच खाली बसले. त्यावरून मनाने काढलेला निष्कर्ष ‘कळ चुकली’ असा नव्हता. ‘आणखी शक्ती हवी’ असा होता. म्हणून तीच कळ पुन्हा, अधिक जोराने दाबली गेली. पूर्ण फ्लॅप असताना हे विमान सुमारे ४० नॉटपर्यंत तग धरते. तेथपर्यंत पोहोचण्यास फार वेळ लागला नाही.

दुसऱ्या खेपेस उतरणे साधले, पण थांबणे साधले नाही. एक्स-प्लेनमध्ये ‘बी’ ही ब्रेकची कळ आहे. येथे तिच्याने उंचीमापक स्थानिक हवेच्या दाबाशी जुळविला जातो. विमान धावपट्टीच्या टोकाकडे निघाले असता त्याची उंची मात्र अचूक कळत होती.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ज्या बाबी दोन सिम्युलेटरांत सर्वस्वी निराळ्या होत्या, त्यांनी काहीच त्रास दिला नाही. फ्लॅपसाठी एकीकडे अंकांच्या कळा, दुसरीकडे एफ-मालिकेतील कळा; हा फरक एका संध्याकाळी अंगवळणी पडला. जुनी कळ दाबली तरी फ्लॅप हलत नाहीत, आणि माणूस थांबून विचार करतो. फसवितात त्या दोहींकडे असलेल्या, परंतु दोहींकडे वेगळा अर्थ वाहणाऱ्या कळा.

भाषेत हे आपल्या परिचयाचे आहे. हिंदीभाषकास मराठीतील ‘अंघोळ’ शब्द अडवीत नाही. तो विचारून घेतो. ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘सही’, ‘खाली’ हे शब्द त्यास अडवीत नाहीत, म्हणूनच चुकवितात. ते त्याला येतातच असे त्यास वाटत असते. फ्रेंच कोशकारांनी अशा शब्दांस १९२८ सालीच ‘खोटे मित्र’ हे नाव दिले आहे. खोट्या मित्राचे खरे लक्षण मात्र एफ-२ ने अधिक स्पष्ट झाले : तो अज्ञानाची जाणीवच होऊ देत नाही, आणि चुकीचा परिणाम दिसला तरी शिकणारा दोष दुसरीकडे शोधतो.

रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली मांडलेला सिद्धान्त असा की परभाषेतील जे घटक मातृभाषेसारखे असतील ते सोपे, जे वेगळे असतील ते अवघड. हा सिद्धान्त आपल्या अध्यापनात अद्याप मुरलेला आहे. वस्तुतः त्यापूर्वीच, १९४९ साली, मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑस्गुड यांनी सादृश्याचा विरोधाभास दाखविला होता : उद्दीपक तोच राहून अपेक्षित प्रतिसाद बदलला, तर जुने शिक्षण नव्याच्या आड सर्वाधिक येते. पुढे १९७० साली ऑलर व झियाहोसेनी यांस इंग्रजी वर्णलेखनात असे आढळले की ज्यांची स्वतःची लिपी रोमन होती, त्यांच्या चुका इतर लिपी वापरणाऱ्यांपेक्षा अधिक होत्या. लाडो अगदीच चुकले असे म्हणवत नाही. त्यांचे सादृश्य रूप व अर्थ या दोहोंचे होते. परंतु वर्गात आपण नुसत्या रूपसादृश्यावर विसंबून ‘हे तर सोपेच आहे’ म्हणून पुढे जातो, तेथे घोटाळा होतो.

आणखी एक प्रकार फ्लाइटगिअरमुळे ध्यानात येतो. मागे-पुढे होणारी चाके असलेल्या विमानात एक्स-प्लेन व मायक्रोसॉफ्ट या दोहोंत ‘जी’ ही एकच कळ चाके आत घेते व बाहेरही काढते. फ्लाइटगिअरमध्ये लहान ‘जी’ने चाके आत जातात, मोठ्या ‘जी’ने बाहेर येतात. जेथे एक चिन्ह होते तेथे आता दोन पाहिजेत. हिंदीचा ‘हम’ बोलणाऱ्यास मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ यांत निवड करावी लागते, तसेच हे. मराठीभाषकाचा हिंदीकडे जाताना एक भेद केवळ गळून पडतो. उलट दिशेने येणाऱ्यास मात्र पूर्वी कधी न केलेला भेद प्रत्येक वाक्यात करावा लागतो. दोन व्यवस्थांमधले अंतर दोन्ही दिशांनी सारखे नसते.

याचे महत्त्व छंदापुरते नाही. आपल्या जिल्ह्यातील कित्येक विद्यार्थी घरी ‘पानी’, ‘लोनी’ म्हणतात आणि महाविद्यालयात प्रमाण मराठीकडे वळतात. त्यांचे संक्रमण नेमके याच जातीचे आहे : एका ‘न’च्या जागी ‘न’ व ‘ण’ असे दोन. ‘पाणी’ शिकल्यावर तोच विद्यार्थी ‘अणुभव’ही लिहितो, आणि त्यास निष्काळजी ठरविले जाते. वास्तविक ही चूक निष्काळजीपणाची नाही. नवा भेद त्याने उचलला आहे, त्याची सीमा तेवढी अद्याप सापडलेली नाही. इंग्रजी शिकताना त्याच्या चुका आपण परकेपणाच्या म्हणून सोसतो. बोलीकडून प्रमाणभाषेकडे येताना ‘मराठीच तर आहे’ म्हणून सोसत नाही. जवळचे अंतर ओलांडणे अवघड असते, हे त्याच्या परीक्षकाने एकदा एफ-२ दाबून पाहावे.

उपायाचा विचार करता प्रथम सुचते ते नव्या सिम्युलेटरच्या कळा जुन्याप्रमाणे बदलून घेणे. तशी सोय सर्वत्र आहे. पण तसे केल्याने मार्गदर्शिका व मित्रांचे सल्ले निरुपयोगी होतात. सर्व जग निराळी भाषा बोलत असता आपण आपल्या घरापुरती जुनी ठेवतो. कार्यालयांतून रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेल्या टंकलेखकांनी इनस्क्रिप्ट टाळण्यासाठी असेच केलेले आढळते. रेमिंग्टनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होते, इनस्क्रिप्टमध्ये उच्चारक्रमाने नंतर. हा क्रम बोटांत इतका रुजतो की पुष्कळांनी संगणकालाच रेमिंग्टन शिकविले.

लेखकाने मधला मार्ग पत्करला. नव्या सिम्युलेटरमध्ये एफ-२ व बी या दोन कळा मुक्या करून टाकल्या, त्यांची कामे अन्य कळांस दिली आणि बाकी मांडणी तशीच ठेवली. आता जुनी सवय उफाळली तरी विमान उलटे वागत नाही. नुसते गप्प राहते, आणि ते गप्प राहणेच चूक ध्यानात आणून देते. वर्गात शब्द मुके करता येत नाहीत. तेथे ‘न’ व ‘ण’ची जोडी शेजारी शेजारी ठेवून, ‘मन’ आणि ‘मण’ एकाच वाक्यात वापरून घ्यावे लागतात.

उड्डाणाचे मूळ ज्ञान मात्र या सर्व खटाटोपात अबाधित राहिले. नाक खाली केले की वेग वाढतो, वळणात उंची घटते, वाऱ्याकडे तोंड करून उतरावे, हे पुन्हा शिकावे लागले नाही. एक्स-प्लेन पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील वायुबल काढतो, इतर सिम्युलेटरांची गणिते निराळी आहेत. त्यामुळे आडव्या वाऱ्यात हाताला जाणवणारा फरक होता, पण तो उच्चाराच्या हेलासारखा, अर्थाला धक्का न लावणारा.

सहा आठवड्यांनी, पडताळा म्हणून, लेखक पुन्हा एक्स-प्लेनमध्ये काकडीच्या धावपट्टीवर उतरू लागला. शक्ती वाढविण्याची वेळ आली तेव्हा बोट आपोआप एफ-३ वर गेले. तेथे ती कळ पंख्याच्या फेऱ्यांसाठी आहे, आणि सेस्ना १७२ च्या पंख्याचा कोन स्थिर असल्यामुळे काहीच घडले नाही.