खोल सागरातील बांडगूळ

जुन्या आंब्यावर वाढलेले बांडगूळ पुष्कळांनी पाहिलेले असते. त्याची मुळे फांदीत शिरतात आणि आंब्याने जमिनीतून ओढलेले पाणी व क्षार परस्पर पळवितात. तरी बांडगुळाला निदान हिरवी पाने असतात आणि त्यांच्या साहाय्याने ते थोडेफार अन्न स्वतः तयार करते. समुद्रात मात्र असे एक बांडगूळ आहे, की ज्याला पाय नाहीत, तोंड नाही आणि पोटही नाही. विशेष हे, की ते वनस्पती नसून प्राणी आहे. आणि तोही खेकडा व कोळंबी यांच्या गोतातला!

याचे वसतिस्थान थंड समुद्राच्या तळाशी असते. समुद्रात १,००० मीटरांखाली सूर्यप्रकाशाचा लवलेशही पोहोचत नाही. दर १० मीटरांना पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढत जातो. अशा ठिकाणी कोण जगणार? एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८४३ च्या सुमारास असे मत मांडले होते, की सुमारे ५५० मीटरांच्या खाली जीवसृष्टी नसावी. नॉर्वेच्या मिखाएल सार्स यांनी त्याहून खोल पाण्यातून नाना प्राणी वर काढून हे मत खोटे ठरविले. पुढे १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या सागरांचे तळ खरवडले, तेव्हा हजारो मीटर खोलीवरूनही कृमी हाती आले.

त्या कृमींत खवलेधारी कृमींचा एक मोठा वर्ग आहे. हे आपल्या गांडुळाचे दूरचे नातलग होत. त्यांचे अंग वलयांचे बनलेले असते, दोन्ही बाजूंना राठ केसांचे आखूड पाय असतात आणि पाठीवर घराच्या कौलांप्रमाणे खवल्यांच्या जोड्या बसविलेल्या असतात. अशा एखाद्या कृमीच्या डोक्यावर किंवा पाठीवर कधी कधी एक फिकट, गुळगुळीत पिशवी चिकटलेली आढळते. प्रथमदर्शनी ती एखादी गाठ वाटावी. परंतु त्या पिशवीला एक बारीक देठ असतो. तो कृमीची कातडी भेदून आत जातो आणि तेथे त्याला दुसरा, मांसल भाग जोडलेला असतो. हा आतला भाग आपल्या पृष्ठभागानेच कृमीच्या शरीरातील रस शोषून घेतो. मग तोंडाची व पोटाची गरजच काय? बाहेरची पिशवी ही मादी असून तिच्या अंगाला अंड्यांच्या दोन थैल्या लोंबत असतात. डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप व ल्युटकेन यांनी १८६१ मध्ये या परोपजीवी प्राण्याचे वर्णन केले व त्याला हर्पिलोबियस असे नाव दिले.

आता प्रश्न असा, की ज्याला पाय नाहीत, सांधे नाहीत, त्याला खेकड्याच्या गोतात बसवावयाचे कशाच्या आधारावर? प्राण्याचे कूळ ओळखावयाचे तर त्याचे बालपण पाहावे, हा धडा शास्त्रज्ञांना याच्या आधीच मिळाला होता. खडकांना व होड्यांच्या तळांना चिकटून राहणारे बार्नेकल हे शिंपल्यांचे भाऊबंद आहेत, असे एके काळी मोठमोठे पंडित मानीत. आयर्लंडमधील कॉर्क येथे राहणाऱ्या जॉन व्हॉन टॉम्सन या लष्करी डॉक्टरने त्यांची पोहणारी पिले पाहिली, आणि बार्नेकल हे खेकड्यांच्या गोतातले आहेत असे १८३० मध्ये दाखवून दिले.

हर्पिलोबियसचेही तसेच आहे. त्याच्या पिलाला सांधे असलेले पाय असतात, अंगावर वलये असतात व ते चपळाईने पोहते. ते ‘अरित्रपाद’ वर्गाच्या पिलासारखे दिसते. अरित्र म्हणजे वल्हे. वल्ह्यासारखे पाय असलेला तो अरित्रपाद. या वर्गातील सायक्लॉप्स हा टिकलीएवढाही नसलेला, एका डोळ्याचा प्राणी विहिरींच्या व तळ्यांच्या पाण्यात असतो. पूर्वी महाराष्ट्रात तो फार बदनाम होता, कारण त्याच्यामार्फतच नारूचे जंत माणसांच्या पोटात जात. २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले, आणि सायक्लॉप्सची ती अपकीर्ती आता मागे पडली आहे.

पिलाचे पोहणे ही काही मौज नव्हे. तो जीवनमरणाचा प्रश्न असतो. भोवती अफाट काळोखे पाणी, आणि खवलेधारी कृमी मात्र कोठेतरी दूर तळाशी, तेही विरळ. तो वेळेवर भेटला नाही, तर पिलाचे आयुष्य तेथेच संपते. भेटला, तर मादी पिलू त्याला चिकटते आणि तिचा कायापालट सुरू होतो. पोहण्याचे पाय जातात, वलये पुसली जातात, देठ आत शिरतो. त्यानंतर तिला तेथून हलता येत नाही. कृमी मेला, तर तीही मरणार. म्हणून त्याचे रस शोषीत असतानाही तो जिवंत राहावा, यातच तिचे हित असते.

नराची कथा याहून निराळी आहे. तो कृमीला न चिकटता मादीलाच चिकटतो आणि मादीच्या मानाने इतका इवलासा असतो, की सूक्ष्मदर्शकाशिवाय त्याचा पत्ता लागणे कठीण. परोपजीवी मादीच्या अंगावर असे एकाहून अधिक नरही आढळतात. यथाकाळ थैल्यांतील अंडी फुटतात, आणि नवी पिले आपापल्या कृमीच्या शोधात त्या काळोखात निघून जातात.