कुरणशाळा आणि मोबाइल

खेड्यांतील शाळेच्या वेळापत्रकांत चित्रकलेचा तास बहुधा आठवड्याच्या अगदीं शेवटीं असतो, आणि गणिताचें कांहीं शिल्लक राहिलें कीं पहिला बळी त्याचाच जातो. यांत एकट्या गुरुजींस दोष देण्यांत अर्थ नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत सहावी ते आठवीच्या वर्गांस कलेसाठीं अंशकालीन निदेशक असावा असें म्हटलें आहे खरें. पण तो ज्या शाळेच्या पटावर शंभराहून अधिक मुलें असतील तिला. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील डोंगरकडेच्या पाड्यांवर शंभर मुलांची शाळा किती ठिकाणीं सांपडेल, हें या भागांत एकदां फिरून आलेल्यास सांगावयास नको. म्हणजे जेथें रंगाची पेटी विकत मिळण्याची पंचाईत, तेथें कुंचला हातीं धरावयास शिकविणाराहि मिळूं नये, असा हा हिशेब आहे. ही उणीव भरून काढण्यासाठीं अलीकडे ऑनलाइन कलाप्रकल्पांचा उपाय पुष्कळांच्या तोंडीं आहे. त्याविषयीं आम्हांस थोडें लिहावयाचें आहे. कारण हा प्रश्न आमच्या शेणव्यासारख्या गांवाचा जितका, तितकाच वाचकांच्या घरांतील नातवंडांचाहि आहे.

मार्च २०२० मध्यें करोनाच्या साथीनें शाळा बंद झाल्या, आणि पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हां भरावयास ग्रामीण भागांतहि डिसेंबर २०२१ उजाडला. त्या काळांत शिक्षण घरीं पोहोंचविण्याचे अनेक यत्न झाले. 'टिलीमिली' ही मालिका जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्रि वाहिनीवर लागत असे; तींत घरच्याच माणसांना आणि वस्तूंना हाताशीं धरून मुलांनीं काय काय करून पाहावें हें दाखवीत. केंद्र सरकारचा कला उत्सवहि जानेवारी २०२१ मध्यें प्रथमच ऑनलाइन झाला. परंतु ठराविक वेळीं सर्वांनीं पडद्यासमोर बसावयाचें, असे जे वर्ग निघाले, ते या भागांत चालले नाहींत. कसे चालावे? घरांत मोबाइल एक. तो बापाबरोबर सकाळीं आसनगांव-कल्याणकडे कामावर जाई आणि रात्रीं परत येई. पावसाळ्यांत विजेचा भरंवसा नाहीं, आणि टेकडीवर चढून गेलें तर रेंजची एखादी रेघ दिसणार. मुंबईस पाणी पुरविणारीं भातसा-तानसा धरणें आमच्याच तालुक्यांत असून वैशाखांत येथील पाड्यांवर टँकर यावा लागतो. इंटरनेटचीहि गत फारशी निराळी नाहीं.

शहरांतील एका संस्थेनें एकदां आम्हांस पत्र पाठवून 'ग्रामीण विद्यार्थ्यांसाठीं' एक कलाप्रकल्प कळविला. रविवारीं अकरा वाजतां हजेरी सक्तीची, ॲक्रिलिक रंगांचे बारा नग, कॅनव्हासचा फलक, आणि शेवटीं प्रमाणपत्र. आम्हीं नम्रपणें उत्तर धाडलें कीं, रविवारीं अकरा वाजतां येथील मुलें गुरांमागें असतात. त्या उत्तरास उत्तर आलें नाहीं.

गुरांमागें जाणाऱ्या मुलांचा विचार आमच्या जिल्ह्यांत सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वींच झालेला आहे, हें या प्रकल्पवाल्यांस कोणी सांगावें! १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. पुढें १९५७ मध्यें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तो सारा मुलूख तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत गेला. वारल्यांचीं मुलें शाळेकडे फिरकत नाहींत, हें पाहून या दोघी शाळाच मुलांच्या अंगणांत घेऊन गेल्या. जीं मुलें दिवसभर गुरें राखीत, त्यांच्यासाठीं चराईच्या जागींच कुरणशाळा भरविली. मादाम माँटेसरी यांच्या पद्धतीवर त्यांचा विश्वास होता, परंतु तिचें साहित्य महागडें. म्हणून बिया, शंखशिंपले, पानें, खडे यांवरच मोजणें, रंग ओळखणें आणि आकृति मांडणें त्या शिकवीत.

आज ज्यास 'लवचिक' म्हणतात तें सारें या कुरणशाळेंत होतें. वेळ मुलाच्या सवडीची, जागा गुरें चरतील ती, साहित्य पायाखालचें. एकच गोष्ट तेथें लवचिक नव्हती: शिकविणारें माणूस हजर असे. ऑनलाइन प्रकल्पांच्या जाहिराती आम्ही वाचतों तेव्हां पहिल्या तिन्ही गोष्टींचें वर्णन भरपूर आढळतें. चौथीविषयीं मात्र बहुधा मौन असतें. आमच्या मतें हा उपाय तरणार कीं बुडणार, तें या चौथ्या गोष्टीवर अवलंबून आहे.

येथील एका शिक्षिकाबाईंच्या साह्यानें आम्हीं कांहीं मुलांसह जो अल्पसा प्रयोग चालविला आहे, त्याची रीत सांगतों. महिन्याला एकच पाठ, तोहि बोललेला, सहा-सात मिनिटांचा. दहा मिनिटांची ध्वनिफीत व्हॉट्सॲपवर एक-दोन मेगाबाइटांत बसते. तेवढ्याच वेळाच्या चलच्चित्रास शंभराच्या आसपास लागतात. बाई बाजाराच्या दिवशीं शहापुरास तो उतरवून घेतात आणि आई-बापांच्या मोबाइलवर देतात. पुढचे तीन आठवडे मुलांचे. काम झालें कीं एक छायाचित्र परत यावयाचें. तें कोणत्या दिवशीं, यास बंधन नाहीं.

पहिला पाठ रंगांचा होता: विकतचा एकहि रंग न घेतां जितके मिळतील तितके रंग जमवावयाचे. गेरू, चुना, कोळसा, हळद हे सर्वांस सुचले. हळदींत चुना कालविला कीं ती लाल होते, हें ज्या घरीं कुंकवाची आठवण राहिली होती तेथील आजीनें सांगितलें. सागाचें कोवळें पान तळहातावर चोळलें असतां हात तांबडे होतात, हें तर गुराख्यांस आमच्याहून अधिक ठाऊक. पारिजातकाच्या देठांचा केशरी आणि फाल्गुनांतील पळसफुलांचा पिवळा मागाहून आला. मग त्याच कागदाचा अर्धा भाग झांकून उरलेला महिनाभर उन्हांत ठेवावयास सांगितलें. हळद पार उडाली. गेरू आणि कोळसा जसेच्या तसे राहिले. देवळाच्या भिंतीवर गेरूच कां लावतात, असा प्रश्न एका मुलानें आपण होऊन विचारला. हा प्रश्न आमच्या पाठांत नव्हता.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाळा तोंडावर येईपर्यंत परतत नाहींत. मुलें हजेरीपटांत राहतात आणि शाळेंतून नाहींशीं होतात. अशा मुलांस महिन्याचा एक पाठ गांठतो, हा आम्हांस या साधनाचा सर्वांत मोठा लाभ वाटतो. भट्टीवर कागद नसेल, पण माती वाटेल तेवढी. एकानें कच्च्या विटांच्या रांगेवर वाळत घातलेल्या सात बैलांचें छायाचित्र बापाच्या मोबाइलवरून पाठविलें. सातवा बैल मोडका होता. तो लंगडा आहे, असें त्यानें खालीं बोलून सांगितलें.

वारली चित्रांचा पाठ मात्र आम्हांस दोनदां बदलावा लागला. दोन त्रिकोण टोंकाशीं टोंक जुळवून ठेवले, हातपायांच्या रेघा ओढल्या कीं वारली माणूस झाला, असें मोबाइलवर सहस्रावधि ठिकाणीं शिकविलें जातें. आणि मुलें तेंच काढूं लागलीं. चहाच्या कपांवर व पिशव्यांवर असते तशी नक्कल! वास्तविक लग्नाचा चौक सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढतात, त्यांत पालघट देवीची स्थापना असते, आणि धवलेरीच्या गाण्यावांचून तें लग्न लागत नाहीं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनीं हें चित्र भिंतीवरून कागदावर आणलें. त्यांस १९७० नंतरच्या काळांत भास्कर कुलकर्णी यांनीं कागद पुरविला, आणि २०११ मध्यें पद्मश्री मिळाली. एवढें सांगून आम्हीं पाठ असा केला: चित्र काढूं नका, पाड्यावरच्या एखाद्या आजीस विचारून या कीं, चौकांत आधीं काय काढतात आणि शेवटीं काय. उत्तरें आलीं तीं एकमेकांशीं जुळत नव्हतीं, त्यावरून मुलांत भांडण झालें, आणि तेव्हां कोठें आम्हांस पाठ साधल्यासारखें वाटलें.

जातां जातां एक गोष्ट. आपल्या ग्रंथांतील चौसष्ट कलांच्या यादींत गीत, वाद्य, नृत्य आणि आलेख्य यांच्यामागोमाग तण्डुलकुसुमबलिविकार म्हणून एक कला येते. तांदूळ व फुलें यांनीं आकृति मांडण्याची ती विद्या. आमच्या घरच्या पाटाभोंवतींची रांगोळी आणि वारल्यांचा चौक यांचें नातें या एका शब्दांत आहे, पण तो शब्द पाठ केलेल्या पंडितांनींहि चौक पाहण्यास पाड्यावर जाण्याची तसदी क्वचितच घेतली.

आतां वाचकांच्या घरांकडे वळूं. तेथें मोबाइल आहे, इंटरनेट आहे, रंगपेट्या तर कपाटांत वाळून गेलेल्या आहेत; नाहीं ती सवड. चित्र काढावयाचें तें इंटरमिजिएट परीक्षेसाठीं, आणि ती परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठीं. कित्येक घरीं तर शाळेचा प्रकल्प रात्रीं अकरापर्यंत आई करते आणि वरतीं नांव चिरंजीवांचें पडतें. ज्या घरांत आजी-आजोबा आहेत, तेथें खेड्यांतील मुलांस दुर्मिळ असलेली ती चौथी वस्तु आयती आहे. त्यांनीं चित्रकला येत नाहीं म्हणून मागें सरूं नये. मुलाच्या चित्रांत आपला हात घालूं नये, आणि 'छान छान' म्हणून कागद बाजूसहि ठेवूं नये. हें कसें केलेंस, एवढें विचारून त्याचें उत्तर पुरतें ऐकावें. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनीं जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गांवोगांवच्या बायकांकडून जमविल्या, त्या ऐकणाऱ्याच्या चिकाटीनेंच. आपल्या घरांतील आजीस अजून चार ओव्या येत असतील तर नातवानें त्या मोबाइलवर उतरून घेणें हाहि एक उत्तम कलाप्रकल्प आहे.

एक भीति मात्र बोलून दाखविली पाहिजे. असे प्रकल्प कांहीं अंशीं यशस्वी झाले, कीं 'मग निदेशक कशाला?' असें विचारणारे निघतील. आमच्या प्रयोगांतहि प्रत्येक पाठ जेथें जमला, तेथें बाई पाड्यावर जाऊन आल्या होत्या. जेथें त्यांस जातां आलें नाहीं, तेथून छायाचित्रेंहि आलीं नाहींत. शंभराची अट काढून दहा लहान शाळांस मिळून एक फिरता कलाशिक्षक नेमावा, आणि मोबाइलवरचा पाठ त्याच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांसाठीं असावा, अशी आमची मागणी आहे. ग्रामसभेंत ती आम्हीं मांडली आहे, व पुन्हां मांडूं.

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें म्हसोबाची जत्रा भरते. गुरांचा बाजार मोठा, घोंगड्यांचीं दुकानें, आणि आमच्याकडील बहुतेक मुलें कोणाच्या तरी खांद्यावर नाहीं तर गाडींत बसून तेथें जातातच. यंदांच्या जत्रेचा पाठ ठरला आहे: बाजारांतला एकच बैल निवडून घरीं आल्यावर त्याचीं शिंगें आठवणीनें काढावयाचीं. शहरांतील मुलांनींहि वाटल्यास यावें. तेथें छायाचित्र मात्र काढावयाचें नाहीं, एवढी एकच अट आहे.