भेगेचं कारण किती गुणांना?

नोव्हेंबर २०१८पासून पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसरात भिंतींना तडे गेले, ऐन थंडीत माणसं तंबूत झोपली. चार वर्षं सिव्हिल शिकलेल्या मुलीला अशा एका भिंतीसमोर उभं केलं, तर तिला काय सांगता येईल? आणि ते मार्कशीटवरून कळेल का?

२०१४मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. तेव्हापासून राष्ट्रीय मानांकन मंडळाचं (एनबीए) मानांकन हवं असलेल्या कॉलेजांत अटेनमेंटला, म्हणजे ठरवलेलं किती साध्य झालं या आकड्याला, फार महत्त्व आलं. प्रत्येक प्रश्नाला एक कोर्स आउटकम, म्हणजे त्या विषयातून काय यायला हवं ते, जोडायचा, ठरलेले गुण किती मुलांना पडले ते एक्सेलमध्ये मोजायचं, शिवाय मुलांकडून अभिप्रायाचे फॉर्म भरून घ्यायचे. प्रश्न पाठांतराचा असला, तर अटेनमेंटही पाठांतराचीच निघते. आश्रमशाळेत मराठीतून शिकून आलेली तलासरीची मुलगी कुठून कुठवर पोचली, हे त्यात दिसतच नाही.

ते दिसतं शिकवण्याआधी आणि शिकवल्यानंतर घेतलेल्या चाचणीत. अमेरिकेत रिचर्ड हेक यांनी १९९८मध्ये भौतिकशास्त्राच्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल असे तपासले. सुधारायला जेवढा वाव होता, त्यातला निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांनी सुमारे २३ टक्के भरून काढला, मुलांना विचार करायला लावणाऱ्या वर्गांनी ४८. ही पट्टी मला जास्त न्याय्य वाटते. पण अशा पर्यायी उत्तरांच्या चाचणीतून भिंत वाचता येते का ते कळत नाही.

भिंत वाचायला जागेवरच जावं लागतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग आणि दोन भिंतींच्या सांध्यात उभी फाटलेली भेग, यांची कारणं वेगळी. पहिलीत भिंत आडव्या धक्क्याने कातरली गेली. दुसरीत कोपरा नीट बांधलेलाच नव्हता. मुलीने हे ओळखलं का, दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा लिंटेल बँड आहे की नाही ते पाहिलं का, दुरुस्ती घरमालकाच्या ऐपतीत बसवली का आणि त्याला समजेल अशा बोलीत सांगितली का, या चार गोष्टींना गुण हवेत. प्रत्येकीची पायरी आधी लिहून ठेवायची: कारण चुकलं तर काय, बरोबर पण अर्धवट असलं तर काय.

याला वेळ लागतो. शिवाय दोन परीक्षकांचे गुण जुळत नाहीत, म्हणून आधी काही जुने अहवाल दोघांनी एकत्र तपासावे लागतात. एक्सेलवर जाणारे प्राध्यापकांचे दिवस याकडे वळवावेत आणि पालघर जिल्ह्यातल्या कॉलेजांनी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प याच दोन तालुक्यांतून सुरू करावेत.