यंदा कौलं कोण परतणार?

दोस्तांनो, शेवटचा पेपर झाला, कंपासपेटी कपाटावर गेली, की तुमच्या घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? आमच्याकडे तो त्याच्याही आधी, मार्चमध्येच सुरू होतो. ‘तिकिटं मिळाली का?’ पूर्वी रेल्वेचं आरक्षण चार महिने आधी करता यायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत साठ दिवसांवर आली. म्हणजे मे महिन्यात कोकणात जायचं, तर मार्चमधल्या एका सकाळी आठच्या ठोक्याला सगळं घर श्वास रोखून मोबाइलभोवती बसणार. दोन मिनिटांत ‘वेटिंग’! मग काय, बाबांचा चेहरा असा होतो, की जणू त्यांचाच निकाल लागलाय!

तर मे २०२५ मध्ये आम्हाला तिकिटं मिळाली. मी, माझे दादा-वहिनी, माझी बायको, अकरा वर्षांची लेक आणि आठवीतला पुतण्या. आमचं गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आई म्हणेल, घरातल्या गोष्टी पेपरात दिल्यास!

माझे आजोबा गावी जायचे ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. बोट किनाऱ्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या असं सगळं होडीतून काठावर यायचं. माझ्या लहानपणी आली एस. टी. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघालेली लाल गाडी, कशेडी घाटातली वळणं, खिशात लिंबू आणि मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. ती पिशवी कशासाठी, हे ज्यांना गाडी लागते त्यांना विचारा!

तुमच्या पिढीचं भाग्य म्हणजे कोकण रेल्वे. २६ जानेवारी १९९८ रोजी हा संपूर्ण मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला. आम्ही गेलो ती दादरहून सावंतवाडीला जाणारी ‘तुतारी एक्स्प्रेस’. केशवसुतांच्या कवितेचं नाव मिरवणारी गाडी! रात्री मुलांनी बोगदे मोजायची पैज लावली आणि दोघंही पनवेलच्या पुढे घोरायला लागली. पण पहाटे रत्नागिरीच्या अलीकडे मी त्यांना मुद्दाम उठवलं, कारण तिथे करबुड्याचा बोगदा आहे. लांबी साडेसहा किलोमीटर. गाडी आत शिरते, कानात दडे बसतात, आणि पाच-सहा मिनिटं झाली तरी उजेड काही येत नाही. रत्नागिरी सुटल्यावर पानवलचा पूल लागतो. तो ६४ मीटर उंच आहे, वीस मजली इमारतीएवढा. खिडकीतून खाली पाहिलं तर माडांची झावळं गवतासारखी दिसतात. पुतण्याने खाली पाहिलं आणि पुढची दहा मिनिटं तो एक शब्दही बोलला नाही.

कणकवलीला उतरून, एस. टी. आणि मग रिक्षा करून घरी पोचलो. आई खळ्यात उभी होती. खळं म्हणजे शेणाने सारवलेलं अंगण. “इलास रे बाबांनो?” एवढंच म्हणाली आणि भाकरतुकडा ओवाळून टाकायला आत वळली. वळताना तिने उजव्या हाताने दाराची चौकट धरली. आम्हा मोठ्यांपैकी कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. लेकीच्या आलं.

पहिले दोन-तीन दिवस कसे गेले ते काय सांगू? सकाळी उकड्या तांदळाची पेज, नाहीतर घावणे. मग रतांबे. रतांबे ठाऊक आहेत ना? ज्याची आमसुलं होतात ते लालचुटूक फळ. आमच्याकडे आमसुलाला ‘सोलां’ म्हणतात. फळ फोडायचं, आतला गर आणि बिया मिठात घालून ठेवायच्या, म्हणजे सुटतं ते आगळ. त्याची सोलकढी करतात. साली मीठ लावून उन्हात टाकायच्या, पुन्हा त्या रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. असं चार-पाच दिवस. मुलांचे हात मनगटापर्यंत लाल झाले. मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त परसातल्या फणसाखाली, तीसुद्धा गडग्यावर चढून उभं राहिलं तर. आणि त्या गडग्याच्या, म्हणजे दगडांच्या बांधाच्या फटीत विंचू असतात, हे कळल्यावर मोबाइलचं वेड आपोआप कमी झालं!

पालकहो, इथे तुमच्यासाठी दोन शब्द. कोकणात जांभ्या दगडाच्या माळावर फुरसं नावाचा विषारी साप सर्रास आढळतो. हा साप लहानसा, मातकट रंगाचा असतो, म्हणून चटकन दिसत नाही. मुलांना बूट घालायला लावा आणि रात्री हातात बॅटरी द्या. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस हाच त्यावरचा उपाय आहे. एवढी काळजी घेतलीत, की मुलांना मोकळं सोडा. सारखं ‘पडशील, पडशील’ करू नका.

पण पडण्याचीच गोष्ट पुढे आली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकींकडे लेक ताक आणायला गेली. काकी सहज बोलून गेल्या, “आजी तुझी जानेवारीत न्हाणयेत पडलली, हात सुजललो. तुमका सांगूक नाय?” न्हाणी म्हणजे घराबाहेरची आंघोळीची जागा. लेक ताकाचं भांडं घेऊन घरी आली, ते ओट्यावर ठेवलं आणि दिवसभर गप्प. रात्री अंथरुणावर मला म्हणाली, “बाबा, आजी पडली होती. फोनवर आपण रोज विचारायचो ना, बरी आहेस ना? आणि ती म्हणायची, बरी आहे.”

त्या रात्री आम्ही मोठी माणसं पडवीत बसलो. दादा म्हणाला, आता आईला मुंबईला न्यायचं, घराला कुलूप लावायचं, बस्स. वहिनी म्हणाली, दोन खोल्यांत ती राहील का? माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मुलं आत झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकत होती. तुम्हीही असंच करता, मला माहीत आहे!

सकाळी दादाने विषय काढला. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी मुंबयक इलंय तर कोंबड्यांका कोण बघतलो? आणि बंद घराक वाळवी खाता. आदी कौलां परता, मगे काय ता बोला.”

कौलं परतणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या घरावर मंगलोरी कौलं आहेत. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, आणि पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी ही कौलं पोचली. प्रत्येक कौलाच्या पोटाला एक टोक असतं, ते लाकडी रिपेला अडकतं. कडेला खाचा असतात, त्या शेजारच्या कौलात बसतात. वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते, म्हणून पाणी घरंगळत पागोळीपर्यंत जातं. यात खिळा नाही की सिमेंट नाही! पण वर्षभर त्यावर पाचोळा साठतो, आणि माकडं उड्या मारून कौलं फोडतात आणि सरकवतात. एक कौल सरकलं, की पाणी वाशावर पडतं. वासा कुजतो, तिथे वाळवी लागते, आणि पुढे भिंत भिजते. आमच्याच वाडीत बंद पडलेली चार घरं आहेत. त्यांतल्या एकाच्या माजघरात आता आंब्याचं झाड उगवलंय. म्हणून पावसाळ्यापूर्वी दर वर्षी सगळी कौलं काढून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची. यालाच म्हणायचं कौलं परतणं.

आमची कौलं परतणारा गडी यंदा गोव्याला कामाला गेलेला. दुसरा म्हणाला, वीस मेनंतर येतो. आमचं परतीचं तिकीट अठराचं! मग दादाने शिडी आणली. तो आणि मी, दोघेही खुर्चीत बसून काम करणारे. काकींचा मुलगा मदतीला आला आणि त्यानेच आम्हाला शिकवलं. रिपेवर पाय द्यायचा नाही, वाशावर द्यायचा. खालून वर बसवत जायचं, वरून खाली नाही. मुलं वर चढली नाहीत, पालकहो, घाबरू नका. ती खाली रांगेत होती. मी द्यायचो काकींच्या मुलाकडे, तो शिडीवरून वहिनीकडे, वहिनी पुतण्याकडे, पुतण्या लेकीकडे. लेक केरसुणीने कौल झाडायची, टिचकी मारून वाजवायची. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चिरलेलं. ही युक्ती आजीची. आई पायरीवर बसून लांबूनच आवाज ऐकायची आणि म्हणायची, “ह्या नको. बाजूक ठेव.” एकदाही चुकली नाही!

कौलांच्या पोटावर कारखान्याचा शिक्का असतो. पुतण्याने तीन वेगवेगळे शिक्के शोधून वहीत उतरवून घेतले. कौलांखाली आणखी काय काय सापडलं? आंब्याच्या कोयी, एक गोटी, आणि माझा १९८७ साली हरवलेला भोवरा. तो दादानेच वर फेकला होता, हे त्याने आत्ता, अडतीस वर्षांनी कबूल केलं.

तीन दिवस लागले. माझी पाठ दोन आठवडे दुखली. शेवटी पुतण्याने हट्ट धरला, एक तरी कौल मी बसवणार. पडवीचं छप्पर खाली उतरतं, तिथे स्टुलावर उभा राहून त्याने एक बसवलं. आईने खालून पाहिलं, काही बोलली नाही.

मधल्या एका सकाळी आम्ही कुडोपीच्या सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या खडकाचा उघडा माळ. उन्हं चढायच्या आत जायचं, नंतर तो तव्यासारखा तापतो. तिथे खडकातच कोरलेली चित्रं आहेत. त्यांना कातळशिल्पं म्हणतात. अभ्यासक त्यांचा काळ हजारो वर्षं मागे नेतात. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव पायी हिंडले, गुराख्यांना विचारलं आणि अशी कितीतरी चित्रं उजेडात आणली. २०२२ साली कोकणातल्या ज्या जागा युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत कुडोपी आहे. आई म्हणते, लहानपणी आम्ही गुरं घेऊन जायचो तेव्हा ही ‘पांडवांची चित्रं’ होती. तुम्ही गेलात तर चित्रावर पाय देऊ नका, खडूने रंगवू नका. सड्यावर चिऱ्यांच्या खाणी होतात, रस्ते होतात. एकदा खडक कापला गेला, की चित्र गेलंच.

आणि आईचं काय ठरलं? सगळं ठरलं असं म्हणता येणार नाही. न्हाणीत दोन्ही बाजूंना लोखंडी दांडा बसवला. ही सूचना लेकीची. काकींची मुलगी रात्री सोबतीला येईल असं ठरलं. मोबाइल कपाटात नाही, कनवटीला ठेवायचा, असं आईने कबूल केलं, पण तिच्या चेहऱ्यावरून मला तेवढी खात्री वाटली नाही. गणपतीला आम्ही सगळे येणार आणि तेव्हा पुन्हा बोलणार. दादा अजून कुलपाच्याच बाजूने आहे. आणि त्याचं अगदीच चूक आहे, असं मलाही म्हणवत नाही.

निघण्याच्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून अस्सल मालवणीत केलेलं मागणं. गावकाराने एकेक गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा!” म्हणायचं. आधी मुलांना हसू आवरेना. मग गावकार म्हणाले, “आणि ह्या म्हातारेच्या घराक राखण कर!” तेव्हा सगळ्यांत मोठ्याने “व्हय म्हाराजा!” लेकीचं आलं.

मुंबईला परतलो. पिशवीत सोलां, कुळथाचं पीठ, तळलेले गरे आणि माझा भोवरा. त्या वर्षी पावसाने सगळ्यांनाच चकवलं. २४ मे रोजी मान्सून केरळात आला आणि लगोलग तळकोकणात उतरला. जूनचा पहिला आठवडा उजाडायचीही वाट पाहिली नाही त्याने! आम्ही वीस मेनंतरच्या गड्यावर थांबलो असतो तर घर उघडंच राहिलं असतं.

रात्री फोन लावला. फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. पलीकडे पावसाचा असा आवाज, की आईचं बोलणं नीट ऐकू येईना. लेक ओरडून विचारत होती, “आजी, गळतंय का?”

“खंय गळता? एकाच जाग्यार थेंब पडता. पडवीत. टोप ठेवलंय खाली.” मग जरा थांबून आई म्हणाली, “त्या झिलाक सांग, गणपतीक येशीत तेव्हा ता कौल परत बसव. खाच बसूक नाय ती.”

पुतण्या वही घेऊन बसला होता. त्याने काहीतरी लिहून घेतलं आणि मला विचारलं, गणपतीच्या तिकिटांचं आरक्षण नक्की कुठल्या तारखेला उघडतं?