बदलत्या जाडीच्या फिरत्या चकतीतील प्रतिबल आणि क्रीप

आपल्या अक्षाभोवती वेगाने फिरणाऱ्या चकतीत तिच्या स्वतःच्याच वस्तुमानामुळे जो अंतर्गत ताण निर्माण होतो, त्याला फिरत्या चकतीतील प्रतिबल असे म्हणतात. ही चकती दीर्घकाळ उच्च तापमानात फिरत राहिली, तर प्रतिबल मर्यादेत असूनही तिचा आकार अतिशय मंद गतीने आणि कायमचा बदलत जातो. या मंद आकारबदलाला क्रीप ही संज्ञा आहे. वाफेवरील व वायूवरील टरबाइनांची चाके, संपीडकांच्या चकत्या आणि गतिपालचक्रे यांच्या अभिकल्पात या विषयाला महत्त्व आहे. अशा चकत्या मध्यभागी जाड आणि कडेला पातळ ठेवल्या जातात.

प्रतिबलाचे स्वरूप

चकती अनेक समकेंद्री कड्यांची बनलेली आहे अशी कल्पना केल्यास बाहेरील प्रत्येक कडे आतील कड्याला बाहेरच्या दिशेने ओढते. या ओढीमुळे त्रिज्येच्या दिशेने अरीय प्रतिबल आणि कड्याच्या परिघाच्या दिशेने परिघीय प्रतिबल निर्माण होते. दोन्ही प्रतिबले घनता, कोनीय वेगाचा वर्ग आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतात. त्यामुळे वेग दुप्पट झाला की प्रतिबल चौपट होते. चकतीची सर्वत्र सारखी असलेली जाडी मात्र या सूत्रात येत नाही. संपूर्ण चकती दुप्पट जाड केल्यास तिची ताकद वाढते, पण ओढणारे वस्तुमानही तितकेच वाढते आणि प्रतिबल होते तेवढेच राहते.

उदाहरणार्थ, ०.५ मीटर त्रिज्येची, एकसारख्या जाडीची, भरीव पोलादी चकती मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर तिच्या केंद्राशी सुमारे ८० मेगापास्कल प्रतिबल निर्माण होते. केंद्रात अगदी बारीक भोक पाडले, तरी भोकाच्या काठावरील परिघीय प्रतिबल जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे १६० मेगापास्कल होते.

जाडी बदलण्याचे कारण

प्रतिबल केंद्राकडे वाढत असल्याने तेथे धातू अधिक आणि कडेला कमी ठेवणे हिताचे ठरते. जाडी केंद्रापासून विशिष्ट घातांकी नियमाने कमी करत नेल्यास चकतीत सर्वत्र समान प्रतिबल राखता येते. अशा चकतीला समबल चकती म्हणतात. स्वीडनचे अभियंते गुस्ताफ द लाव्हाल यांच्या अतिवेगवान वाफ टरबाइनांत या तत्त्वाचा उपयोग झाला. झुरिच येथील प्राध्यापक आउरेल स्टोडोला यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा चकत्यांचे सविस्तर गणित मांडले.

वरील चकती ६,००० फेऱ्यांनी फिरवली आणि पात्यांमुळे तिच्या कडेवर २०० मेगापास्कल ओढ पडत आहे असे मानले, तर एकसारख्या जाडीच्या चकतीत केंद्राशी सुमारे ५२० मेगापास्कल प्रतिबल येते. समबल आकारात ते सर्वत्र २०० मेगापास्कलच राहते. त्यासाठी मध्यभागाची जाडी कडेच्या सुमारे सातपट ठेवावी लागते.

क्रीप

धातूचे तापमान त्याच्या वितळणबिंदूच्या (केल्व्हिन मापात) सुमारे ०.४ पट झाले की क्रीप लक्षणीय होतो. शिसे सामान्य तापमानालाच या मर्यादेपलीकडे असते. म्हणून शिशाचे जुने नळ स्वतःच्या वजनाने वर्षानुवर्षे झोळत जातात. पोलादाच्या बाबतीत साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या वर याचा विचार करावा लागतो. क्रीपचा वेग आरंभी घटता, नंतर दीर्घकाळ स्थिर आणि अखेरीस तुटण्यापूर्वी वाढता असतो.

स्थिर टप्प्यासाठी नॉर्टन यांनी १९२९ मध्ये मांडलेला नियम वापरला जातो. त्यानुसार क्रीपचा वेग प्रतिबलाच्या एका घाताच्या प्रमाणात असतो. हा घातांक ५ धरल्यास फेऱ्यांचा वेग केवळ १० टक्के वाढल्याने प्रतिबल २१ टक्क्यांनी वाढते आणि क्रीपचा वेग सुमारे २.६ पट होतो.

भोकाच्या काठाशी प्रतिबल सर्वाधिक असल्याने तेथील धातू सर्वांत वेगाने सरकतो. त्यामुळे तेथील प्रतिबल कालांतराने उतरते आणि भार बाहेरील भागाकडे वाटला जातो. मात्र एकसारख्या जाडीच्या चकतीतील परिघीय प्रतिबलाची सरासरी बलांच्या समतोलानेच ठरते. ३,००० फेऱ्यांच्या वरील उदाहरणात ती सुमारे ६५ मेगापास्कल असून क्रीपमुळे बदलत नाही.

भारतीय गणितज्ञ भोज राज सेठ यांनी १९६२ मध्ये स्थितिस्थापक अवस्थेतून प्लास्टिक वा क्रीप अवस्थेत होणाऱ्या संक्रमणाचा सिद्धांत मांडला. बदलत्या जाडीच्या चकत्यांवरील अनेक भारतीय शोधनिबंध त्यावर आधारलेले आहेत.

भंडारा जिल्हा आणि परिसर

भंडारा जिल्ह्याच्या परिसरात या विषयाच्या दोन्ही बाजू दिसतात. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. तेथील जलविद्युत टरबाइने पाण्याच्या तापमानाला चालतात. त्यामुळे त्यांच्या पोलादात केवळ प्रतिबलाचा विचार पुरतो, क्रीपचा प्रश्न येत नाही. याउलट तिरोडा (१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होण्यापूर्वी भंडारा जिल्ह्यात) आणि शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील मौदा येथील औष्णिक केंद्रांत ५०० ते ६६० मेगावॉटचे संच आहेत. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने हे संच मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चालतात. त्यांच्या उच्चदाब टरबाइनांत ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेली वाफ येत असल्याने तेथे क्रीप टाळता येत नाही.

तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, तर वरठी येथे मिश्रधातू पोलाद तयार होते. पोलादातील मँगनीज गंधकाला बांधून ठेवते आणि त्यामुळे तापलेले पोलाद घडवताना तडकत नाही. परंतु मँगनीज सल्फाइडचे कण एकाच जागी साचल्यास तेथूनच तडा सुरू होऊ शकतो.

अपयश आणि सुरक्षितता

अमेरिकेतील टेनेसी राज्यात गॅलाटिन येथील औष्णिक केंद्रात जून १९७४ मध्ये टरबाइनचा घूर्णक सुमारे १७ वर्षांच्या सेवेनंतर थंड अवस्थेतून सुरू करताना फुटला. मधल्या भोकाजवळ साचलेल्या मँगनीज सल्फाइडच्या कणांपासून निघालेला तडा क्रीप आणि वारंवारच्या चालू-बंद चक्रांमुळे वाढत गेला होता.

केवळ जाडी वाढवणे हा यावर उपाय नाही. जाड मध्यभाग सावकाश तापतो, तर कड लवकर तापून प्रसरण पावू पाहते. त्यामुळे मध्यभागावर औष्णिक ताणाची भर पडते. म्हणून मोठे संच सुरू करताना ते टप्प्याटप्प्याने तापवतात, त्यांचा वेग मर्यादेबाहेर जाऊ नये यासाठी स्वतंत्र यंत्रणा असते आणि ठरावीक सेवाकाळानंतर घूर्णकाच्या भोकाची ध्वनिलहरींनी तपासणी केली जाते.