तापीचा वारा की तोरणमाळचा चढ?

शहाद्याहून पहाटे सायकल काढली की रस्ता ताटासारखा सपाट आणि समोर निळसर सातपुडा. म्हसावद मागे पडेपर्यंत वाटत राहतं, की वारा कापणारी एअरो सायकलच घ्यायला हवी होती. मग घाट लागतो, सातपायरीची वळणं सुरू होतात आणि मत पार फिरतं. सायकल हलकीच हवी! जगभरचे रेसर ज्यावर वर्षानुवर्षं हुज्जत घालत आले, तो वाद नंदुरबार जिल्ह्यात एका सकाळीच अंगावर येतो. त्या वादातल्या या काही गमती, सगळ्या खऱ्या.

वेग दुप्पट, दम आठपट

ताशी १५ किलोमीटरने निवांत चाललात, तर हवा बाजूला सारायला साधारण १५ वॉट खर्च होतात. वेग दुप्पट करा, ३० वर न्या. आता त्याच हवेसाठी ११५ ते १२० वॉट! वेग दुप्पट झाला, की हवेसाठी लागणारी ताकद आठपट होते. सपाटीवर ३० च्या वेगाने जाणाऱ्याची तीन चतुर्थांश मेहनत निव्वळ वाऱ्याशी झुंजण्यात जाते. सहा टक्क्यांच्या चढावर मात्र हिशेब उलटा होतो. तिथे वेग ताशी १२ वर येतो, हवा जेमतेम सात-आठ वॉट मागते आणि बाकी जवळपास सगळा दम स्वतःचं नि सायकलचं वजन वर ओढण्यात जातो.

वारा बघायचा, तर केळीच्या बागेत

शहादा-तळोद्याकडे वाऱ्याचा अंदाज घ्यायला मोबाइल लागत नाही. रस्त्याकडेच्या केळीच्या पानांकडे बघा. वाऱ्याने चिरून त्यांच्या झालरी झालेल्या असतात आणि त्या एकाच दिशेला उडत असतात. तापीचं खोरं पश्चिमेकडे उघडं. वैशाख-ज्येष्ठात पश्चिमेचा वारा खोऱ्यात शिरला, की शहाद्याहून तळोदा-अक्कलकुव्याकडे जाणाऱ्याच्या तो थेट छातीवर येतो. परतताना तोच वारा पाठीवर हात ठेवून घरी आणतो. शेजारच्या धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान उगाच उभं राहिलेलं नाही.

आणखी एक गंमत. उन्हाने हवा विरळ होते. मे महिन्यातली ४२ अंशांची दुपार आणि जानेवारीतली १२ अंशांची पहाट यांत हवेच्या घनतेचा फरक नऊ-दहा टक्क्यांचा. म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी अडवते. पण त्या दुपारी सायकल काढू नका, हे मनापासून सांगतो. हवेने दिलेली सूट ऊन व्याजासकट वसूल करतं.

एक शहर, दोन विक्रम

सायकलपटू एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले. त्याची सायकल सहा किलोंच्या आतली होती. वजन घटवण्यासाठी सुट्या भागांना भोकंसुद्धा पाडली होती. बारा वर्षांनी, जानेवारी १९८४ मध्ये, फ्रान्सेस्को मोझर त्याच शहरात आला. त्याच्या चाकांना आरे नव्हते, थाळीसारखी बंद चाकं होती. ती जड, पण वारा कापणारी. अंतर भरलं ५१.१५१ किलोमीटर! सपाटीवर वजनापेक्षा आकार मोठा, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

तरीही काहींना पटायला १९८९ उजाडावं लागलं. टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटर, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी शर्यत करायची. लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. ग्रेग लेमाँडने हँडलवर कोपर टेकायचे दांडे बसवले, निमुळतं हेल्मेट घातलं. फिन्यों उघड्या डोक्याने आला, शेंडी वाऱ्यावर उडत होती. तीन आठवड्यांची शर्यत लेमाँडने आठ सेकंदांनी जिंकली.

६.८ चा उंबरठा

हलकेपणालाही सीमा आहे. जागतिक सायकल संघटना यूसीआयने २००० साली नियम केला, की शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही. हा नियम स्पर्धकांसाठी. तुम्हाआम्हाला कोणी तराजू घेऊन अडवत नाही. पण पाण्याने भरलेली बाटली पाऊण किलोची असते आणि खानदेशच्या उन्हात एका बाटलीवर घाट चढवत नाही. कार्बनच्या सायकलवर लाखभर रुपये ओतून वाचवलेलं वजन दोन बाटल्यांत परत येतं.

तोरणमाळचं गणित

इथे जरा थांबू, कारण याच गणितात मला खरी मजा वाटते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर. शहाद्याकडून निघालं, की चढ जवळपास हजार मीटरचा पडतो. सलग १५० वॉट देणारा, म्हणजे तुमच्यामाझ्यासारखा नेमाने सायकल चालवणारा गडी धरू. सायकल एक किलोने हलकी असेल, तर हजार मीटर चढताना त्याचा सुमारे ६५ सेकंदांचा फायदा होतो.

आता एअरो फ्रेम. ताशी ३० च्या वेगाला तिने पाच वॉट वाचवले असं समजू. पायथ्यापर्यंतचा सपाट पट्टा २५ किलोमीटरचा धरला, तर वाचतात ३५ ते ४० सेकंद. जाता-येता मिळून ७० ते ८०. म्हणजे एक किलो वजन आणि पाच वॉट वारा यांची जवळजवळ बरोबरी!

पण खरा डाव पुढे आहे. कोपरं वाकवून, हात ड्रॉप हँडलच्या खालच्या भागावर ठेवून अंग खाली आणलं आणि हवेचा विरोध दहा टक्क्यांनी घटला, तर त्याच पट्ट्यात एका वाटेला दीड मिनिट वाचतं. खर्च शून्य रुपये. वारा अडवणाऱ्या गोष्टींत सायकलीचा वाटा लहान, स्वाराच्या देहाचा मोठा.

मित्राच्या चाकामागे

तितकाच स्वस्त आणखी एक एअरो उपाय म्हणजे सोबती. २०१८ साली नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनच्या संशोधकांनी १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या पोटातल्या स्वाराला एकट्याच्या तुलनेत पाच ते दहा टक्केच वारा सोसावा लागतो, असं निघालं. चौघे मित्र पाळीपाळीने पुढे राहिले, तरी अक्कलकुव्याचा रस्ता जवळ येतो.

आपली माणसं, लांबचे रस्ते

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ शर्यत जोडीने पूर्ण केली. जवळपास ४८०० किलोमीटर! दोन वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने संपवली. या शर्यतीत वाळवंटाची सपाटी आहे आणि रॉकीचे चढही. म्हणून अनेक स्पर्धक गाडीवर दोन तऱ्हेच्या सायकली लादून नेतात. ज्याला एकच परवडते, त्याने काय करावं?

कंपन्यांनीच उत्तर देऊन टाकलंय. स्पेशलाइज्डने २०२० मध्ये आपली एअरो ‘व्हेंज’ बाजूला ठेवली आणि हलक्या ‘टारमॅक’लाच वारा कापायला शिकवलं. ट्रेकने २०२४ मध्ये हलकी ‘एमोंडा’ आणि एअरो ‘मॅडोन’ एकत्र केल्या.

खरेदीआधी

खोल रिमची चाकं देखणी दिसतात, पण आडवा वारा आला किंवा उसाची ट्रॉली घसटून गेली, की पुढचं चाक हिसका देतं. तोरणमाळहून उतरताना ब्रेक सतत दाबलेले असतात. कार्बनच्या रिमवर घासणारे ब्रेक अशा उतारावर फार तापतात, तिथे डिस्क ब्रेकच बरे. आणि मागच्या चाकाला जास्त दात्यांचं चक्र असलेला हलका गिअर जरूर घ्या. चढावर तो एक किलोपेक्षा जास्त कामाला येतो.

सारंगखेड्याच्या यात्रेत जाणकार घोड्याचं नुसतं रूप बघून पैसे मोजत नाही, आधी त्याची चाल बघतो. सायकलचंही तसंच करा. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर नको, एखाद्या चढावर आणि मोकळ्या वाऱ्यात फिरवून बघा. आपल्या जिल्ह्यासाठी माझं मत विचाराल तर मधली, ना पूर्ण एअरो ना पिसासारखी हलकी. उरलेल्या पैशांत चांगले टायर, हेल्मेट आणि दोन बाटल्या येतात.